बोहाड्याचे मुखवटे गॅलरीत कसे आले? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी बरेचसे प्रश्न प्रदर्शनांबद्दलच आलेत. लोककथा, चाळीच्या आठवणी, सिनेमा, कॅलेंडरवरचे देव हे सगळं आर्ट गॅलरीत दिसायला लागलंय आणि ते बघून काहींना आनंद होतोय तर काहींना खटकतंय. दोन्हीकडची पत्रं घेतलीयत.

प्रश्न : आम्ही मूळचे मोखाडा भागातले. लहानपणी रात्र रात्र जागून बोहाडा, म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून नाचायचा आमच्याकडचा उत्सव, बघितलाय. मुलगी सांगते की परदेशातल्या म्युझियममध्ये आपल्याकडच्या मुखवट्यांचे फोटो लावले होते. देवाचं सोंग असं भिंतीवर टांगणं मला पटत नाही. आणि यात कला कोणाची, फोटो काढणाऱ्याची की मुखवटा करणाऱ्याची? (एक वाचक, नाशिक)

तुमची मुलगी बहुतेक गौरी गिल यांच्या 'अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स' या फोटोंबद्दल बोलत असणार. गिल दिल्लीच्या फोटोग्राफर, हे काम त्यांनी २०१५ पासून जव्हारकडे केलं, २०१७ ला ते 'डॉक्युमेंटा १४' या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात होतं आणि २०१८ ला न्यूयॉर्कला मोमा पीएस वन या कलासंग्रहालयात. आता तुमच्या मनातली पहिली शंका आधी दूर करतो, हे देवाचे मुखवटे नाहीत. बोहाड्यात नाचवतात ती सोंगं उचलून आणून फोटो काढलेत असं झालेलं नाही. गिल कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणाऱ्या कोकणा आणि वारली कारागिरांकडे गेल्या, त्यात सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे दोघे भाऊ मुख्य, आणि म्हणाल्या की तुमच्या रोजच्या जगण्यातले मुखवटे करा. मग वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या मूडमधली माणसं आली, प्राणी आले, घरातल्या वापरातल्या वस्तूसुद्धा आल्या. गावातल्याच लोकांनी ते मुखवटे घातले आणि आपल्या नेहमीच्या जागी, घरात, दुकानात, दवाखान्यात, जिथे एरवी असतात तिथेच बसले, उभे राहिले.

मला हे काम फार मोलाचं वाटतं, आणि ते का ते जरा सविस्तर सांगतो. आदिवासी कला म्हटलं की आपल्याला ती शंभर वर्षांपूर्वीचीच हवी असते, म्हणजे वारली चित्रात तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य चालेल पण मोटरसायकल आली की लगेच 'हे अस्सल नाही' म्हणायचं, पण जव्हारचा माणूस आज मोबाइल वापरतो, सरकारी दवाखान्याच्या रांगेत बसतो, त्याची कला तेवढी जुन्या काळात अडकून का राहावी? इथे कागदाच्या लगद्याचं तेच कसब आजच्या जगण्याला लावलंय.

आता कला कोणाची, हा तुमचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि तो प्रत्येक प्रदर्शनात विचारायलाच हवा. भिंतीवरची छोटी पाटी वाचा. त्यावर मुखवटा करणाऱ्याचं नाव आहे का? की नुसतं 'स्थानिक कारागीर' म्हणून मोकळे झालेत? याच गौरी गिल यांचं डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्यासोबत 'फील्ड्स ऑफ साइट' नावाचं काम आहे, त्यात फोटो गिल यांचे आणि त्याच फोटोंवर वांगड यांनी काढलेली बारीक रेखाटनं, जमिनीच्या, जंगलाच्या, गावानं सोसलेल्या गोष्टींची. तिथे कलाकार म्हणून दोघांचीही नावं लागतात. असंच असायला पाहिजे. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे आणि इंग्लंडचे कलाकार रिचर्ड लाँग यांचं मिळून प्रदर्शन झालं होतं, तेही दोन कलाकारांचं म्हणून, एक कलाकार आणि एक 'परंपरा' असं नाही. जिथे नाव नसेल तिथे अभिप्रायाच्या वहीत स्पष्ट लिहा की हे कोणी केलं ते आम्हाला कळलं पाहिजे. मोखाड्यातल्या माणसानं हे लिहिलं तर त्याला वजन आहे.

प्रश्न : गॅलरीत जायला भीती वाटते. तिकीट असतं का? काही विकत घ्यावं लागतं का? (गृहिणी, डोंबिवली)

काही घ्यावं लागत नाही. जहांगीर आर्ट गॅलरीत तर फुकट जाता येतं, कुलाबा-फोर्टकडच्या खासगी गॅलऱ्यांमध्येही बहुतेक ठिकाणी प्रवेश मोफत असतो, फक्त दरवाजा बंद दिसतो म्हणून आपण बिचकतो. ढकला आणि आत जा. म्युझियमला तिकीट असतं. आणि इन्स्टॉलेशन हा शब्द ऐकून घाबरू नका, गणपतीत मंडळांचे हलते देखावे बघत तुम्ही वाढलात, एखाद्या जागेत वस्तू, प्रकाश, आवाज मिळून गोष्ट कशी सांगतात हे तुमच्या डोळ्यांना चांगलं माहितीये.

प्रश्न : माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं, वडील गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर सगळंच बदललं. आता तिथे टॉवर आहे. आमच्या या आठवणींना आजच्या कलेत काही जागा आहे का की सगळं श्रीमंतांसाठीच चाललंय? (निवृत्त कर्मचारी, बदलापूर)

जागा आहे, आणि ती तुमच्यासारख्याच घरातल्या मुलांनी मिळवलीये. अमोल पाटील हे नाव लक्षात ठेवा. मुंबईचा तरुण कलाकार, आजोबा पोवाडे करायचे, वडील महापालिकेत नोकरी करून प्रायोगिक नाटकं लिहायचे. त्या घरातली गाणी, नाटकाचे कागद, चाळीतले आवाज हे सगळं त्याच्या कामाचं भांडवल आहे. २०२२ मध्ये जर्मनीतल्या कासेलला 'डॉक्युमेंटा १५' मध्ये त्याचं 'ब्लॅक मास्क्स ऑन रोलर स्केट्स' होतं, त्यात रोलर स्केट्स घालून रस्ता झाडणारा सफाई कामगार येतो. ज्या माणसाच्या जवळून आपण नाक दाबून पुढे जातो त्याच्या अंगातली लय, मजा, राग हे सगळं तो समोर आणतो, कीव न करता. पुढच्या वर्षी लंडनच्या हेवर्ड गॅलरीतही त्याचं प्रदर्शन झालं. पोवाडा तिथपर्यंत पोचला याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि चित्रकार सुधीर पटवर्धन. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस करता करता ज्यांनी इराणी हॉटेलात बसलेला माणूस, लोकलमधली गर्दी, कामगार वस्त्या रंगवल्या. त्यांचं २००१ चं 'लोअर परळ' कुठे बघायला मिळालं तर समोर निवांत उभे राहा, जुना आणि नवा परळ एकमेकांना खेटून उभा आहे त्यात. तुम्हाला प्रत्येक कोपरा ओळखीचा वाटेल आणि तरी काहीतरी टोचत राहील.

एक विनंती, वडिलांचा गिरणीचा पास, पगाराची पावती, संपाच्या वेळची पत्रकं असं काही घरात असेल तर रद्दीत देऊ नका. अशाच कागदांवर पुढे कोणीतरी काम करतं.

प्रश्न : रविवर्म्याच्या लक्ष्मीसारखी नटून फोटो काढणं ही कला कशी? आमच्या देव्हाऱ्यात ते चित्र आहे. (एक वाचक, सांगली)

हे कलाकार पुष्पमाला एन. यांचं काम. फोटोग्राफर क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ मध्ये त्यांनी 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' ही फोटोमालिका केली, त्यात रविवर्म्याची लक्ष्मी त्या स्वतःच झाल्यात, पडदा, कमळ, दागिने सगळं हुबेहूब. तुमच्या श्रद्धेला त्यात धक्का नाही. त्या एवढंच विचारतायत की लक्ष्मी म्हटलं की हाच चेहरा, हीच साडी डोळ्यासमोर का येते? तर ती छापखान्यातून आली म्हणून. रविवर्म्याचा छापखाना १८९४ ला मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथून ही चित्रं घराघरात पोचली. म्हणजे तुमच्या देव्हाऱ्यातल्या चित्राला मावळातला इतिहास आहे, आणि तो कळल्यावर चित्राबद्दल जिव्हाळा वाढतोच असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : अंधाऱ्या खोलीत व्हिडिओ चालू असतो, तो पूर्ण बघायचा की थोडा बघून निघायचं? (विद्यार्थिनी, पुणे)

दारावर कालावधी लिहिलेला असतो, वेळ असेल तर पूर्ण बघा. कलाकार सुदर्शन शेट्टींचं 'शून्य घर' हे इन्स्टॉलेशन अर्धवट बघून काहीच हाती लागलं नसतं. कुमार गंधर्वांनी गायलेलं गोरखनाथांचं 'शून्य गढ शहर' माहीतच असेल, त्या पदावरून ते सुचलेलं आहे, २०१६ ला दिल्लीत एनजीएमए म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आणि नंतर भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात लागलं होतं. जुन्या लाकडाच्या बांधलेल्या वास्तू आणि त्यांच्यासोबत एक फिल्म, त्या फिल्ममध्ये एक घर उभं राहतं आणि त्याच्या अवतीभवती जन्म, खेळ, नाच, मरण घडत राहतं. घाईत तुम्ही फक्त लाकूड बघून बाहेर पडता.

प्रश्न : मी आर्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजी आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या देवतांच्या, आणि मुंज्याच्या खूप गोष्टी सांगते, त्यावर काम करायचंय. पण सर म्हणतात लोककथा सगळेच करतात, नवीन काय? (विद्यार्थी, चंद्रपूर)

सरांचा प्रश्न रास्त आहे पण त्याचं उत्तर गोष्ट सोडून देणं हे नाही. आसरा म्हणजे कुठल्या आसरा? कुठल्या विहिरीवरच्या, कुठल्या डोहातल्या? आजी ती गोष्ट कधी सांगायची, मुलं पाण्याकडे जाऊ नयेत म्हणून की त्या विहिरीत खरंच कोणी गेलं होतं म्हणून? ती विहीर आज आहे की खाणीत गेली? हे शोधलंस की तुझी गोष्ट दुसऱ्या कोणाचीच राहणार नाही. तुझ्याच जिल्ह्यातल्या सास्तीचा कलाकार प्रभाकर पाचपुते बघ, कोळसा खाणीच्या गावात वाढला आणि कोळशानंच भिंतीच्या भिंती रंगवतो, अर्धी माणसं अर्धी अवजारं, डोक्याच्या जागी दिवा असलेले खाणकामगार. त्यानं विषय लांबून आणला नाही आणि माध्यमही नाही.

काम सुरू करायच्या आधी आजीचा आवाज फोनवर रेकॉर्ड कर, पूर्ण, मध्ये न तोडता, ती अडखळते, विसरते, परत सुरू करते ते सगळं राहू दे. तिला विचार की हे लोकांना ऐकवलं तर चालेल का, आणि एखादी गोष्ट बाहेर सांगायची नाही म्हणाली तर ती वगळ. आणि प्रदर्शनाच्या पाटीवर तुझ्या नावाशेजारी तिचं नाव लिही, पूर्ण नाव, 'आजी' नाही.

प्रश्न : हे सगळं मुंबई-दिल्लीला. लातूरला काय येणार? (शिक्षक, लातूर)

तुमची तक्रार खरी आहे. २००८-०९ मध्ये सुधीर पटवर्धनांनी 'विस्तारणारी क्षितिजे' हे आधुनिक भारतीय कलेचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत फिरवलं होतं, मूळ चित्रं घेऊन. तसं परत व्हायला हवं, आणि मागणी तुमच्यासारख्या शिक्षकांकडून आली तरच होईल. तोपर्यंत डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो, सहलीचा विचार करा, मुलांना नाटक, संगीत, चित्रं सगळं एकाच शहरात चालत फिरून बघता येतं. आणि शाळेतच काही करायचं असेल तर मुलांना घरातली एकेक जुनी वस्तू आणायला सांगा, कोणाची होती, कुठून आली हे त्यांच्याच अक्षरात लिहून शेजारी लावा, पालकांना बोलवा. एक वर्गखोली आणि शनिवारची सकाळ एवढ्यावर होतं.