उंची कमी म्हणून गोलकीपिंग सोडायचं का?

प्रश्न : नमस्कार सर, पोरगा बारा वर्षांचा आहे, पेठेत कळायला लागल्यापासून फुटबॉलच्या गोलातच उभा राहतो. परवा एका निवड चाचणीत त्याला घेतलं नाही, म्हणाले उंची कमी आहे, मिडफिल्डला खेळवा. ज्याला घेतलं तो याच्यापेक्षा वीतभर उंच, डाइव्ह पण भारी मारतो. पोरगं दोन दिवस नीट जेवलं नाही. कीपरचं टॅलेंट बघायचं तरी कशात? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : दादा, मोठ्यांचा गोल आठ फूट उंच आणि चोवीस फूट रुंद असतो, त्यात बारा वर्षांचं पोर उभं केलं की डोक्यावरून गेलेला बॉल आत जाणारच, त्यात त्याची काय चूक? पोरं साधारण तेरा-चौदाला झपाझप वाढतात, कोणी आधी कोणी नंतर, तो दुसरा कदाचित आधी वाढलाय एवढंच. आता मोठ्या लेव्हलला उंची लागते हे खोटं नाही, आपला भारताचा कीपर गुरप्रीत सिंग संधू जवळपास साडेसहा फूट आहे. मेक्सिकोचा कीपर काम्पोस साडेपाच फुटांच्या जरा वर असून 1994 आणि 1998 चे वर्ल्ड कप खेळला, पण असे क्वचितच. फक्त बाराव्या वर्षी हा निकाल लावायचा नसतो.

आणि डाइव्हला भुलू नका हो! जागा चुकली की साधा बॉल पण उडी मारून काढावा लागतो, वर टाळ्या त्यालाच.

पुढच्या मॅचला एक करा, बॉल सोडा, पोराच्या पायांकडे बघा. समोरचा शूट मारतो त्या क्षणी पाय जमिनीवर टेकून तयार आहेत की हा अजून मागे मागे सरकतोय? सरकत असेल तर वजन टाचांवर जातं आणि मग कितीही चपळ असू दे, एक पाऊल उशीरच. माझ्याकडे एक पोरगी होती, डाइव्ह जवळजवळ मारायचीच नाही, लोक म्हणायचे हिला येत नाही, पण शूट यायच्या आधीच ती बरोबर जागेवर उभी असायची आणि बॉल सरळ छातीवर. बॉल पकडता नाही आला तर तुमचा पोरगा तो बाजूला ढकलतो का समोरच्याच्याच पायात देतो हे बघा, आणि गोल खाल्ल्यावर बॅकवर, म्हणजे पुढ्यात बचाव करणाऱ्या आपल्याच पोरांवर, ओरडतो का परत जागा धरतो तेही.

मिडफिल्डचा सल्ला मात्र अगदीच टाकाऊ नाही हां. 1992 पासून आपल्या प्लेअरने मुद्दाम पायाने दिलेला पास कीपरला हातात घेता येत नाही, त्यामुळे पायात खेळ पाहिजेच. आठवड्यातून एखादा दिवस गोलाबाहेर खेळू दे, बाकी दिवस गोलातच.

घरी भिंतीवर टेनिस बॉल मारून दोन्ही हातांनी झेलायला लावा. डाइव्ह शिकवायची तर आधी गुडघ्यावर बसून, मऊ मातीत, कोपरावर न पडता. आणि वाढतं पोर आहे म्हणून ग्लोव्हज दोन साइज मोठे घेऊ नका, बोटं आत फिरतात आणि हातातला बॉल निसटतो.