अमेरिकेतल्या पगाराचा आकडा बघून शेत तारण ठेवण्याआधी

बेटा,

तुझा मेसेज वाचला. मॅनेजमेंट सायन्सच्या, म्हणजे गणित-स्टॅट्स वापरून धंद्याचे निर्णय घ्यायला शिकवणाऱ्या, मास्टर्सनंतर अमेरिकेत पगार किती मिळतो ते बघून तू डायरेक्ट अप्पांजवळ शेत तारण ठेवायचा विषय काढलास म्हणे, तर जरा दम धर.

तू आकडा काढलास तो कॉलेज स्कोअरकार्डवरून, ती साईट तिथल्या सरकारचीच आहे, खोटं काही नाही. पण पगार कोणाचे धरलेत ते बघितलंस का? ज्यांनी तिथल्या केंद्र सरकारचं लोन नाहीतर ग्रँट घेतली, फक्त त्यांचे. रावेर-यावलहून स्टुडंट व्हिसावर गेलेल्या पोरांना ती मदत मिळतच नाही, म्हणजे त्या आकड्यात तुझ्यासारखं कोणी नाहीच. वरून ज्याची कमाई शून्य तो मोजणीतच नाही, आणि आकडा मीडियन, म्हणजे कमावणारेसुद्धा अर्धे त्याच्या खाली. केळीचा बोर्डावरचा भाव आणि आपल्या हातात पडणारा भाव, यातला फरक तुला मी काय सांगू!

दुसरं, कॉलेजला मेल करून कोर्सचा सीआयपी कोड विचार, म्हणजे तिथलं सरकार प्रत्येक विषयाला देतं तो नंबर. 52.1301, म्हणजे मॅनेजमेंट सायन्सचाच, असेल तर तो स्टेममध्ये (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, गणित या विषयांच्या यादीत) येतो, मग शिकून झाल्यावर ओपीटीवर, म्हणजे स्टुडंट व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, 12 महिने आणि वर 24 असं काम करता येतं. नाव भारी पण कोड साध्या बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा असला तर 12 महिन्यांतच गाशा गुंडाळायची पाळी. नंतर एच-1बीची, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाची, लॉटरी आहेच, वर्षाला 85,000 जागा, त्यातल्या 20,000 तिथं मास्टर्स केलेल्यांसाठी, आणि मागणारे त्याच्या कितीतरी पट.

आता लोन. 40 लाख, 11 टक्के, 10 वर्षं धरली तर हप्ता महिन्याला 55 हजार, शिकत असतानाचं व्याज वेगळंच. नोकरीचा व्हिसा नाही झाला आणि पुण्यात परत यावं लागलं तर हा हप्ता कोण भरणार, अप्पा?

इथंही रस्ते आहेत गं. तुझं स्टॅट्स चांगलंय, तर आयएसआयचं (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं) एमस्टॅट, म्हणजे स्टॅट्सचं मास्टर्स, बघ, तिथं उलट स्टायपेंड मिळतो. आयआयटी बॉम्बेला ऑपरेशन्स रिसर्च आहे, त्याला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आपल्या जळगावच्या विद्यापीठातलं एमएस्सी स्टॅटिस्टिक्सपण मी हलकं मानत नाही, सोबत पायथॉन आणि एसक्यूएल या कॉम्प्युटरच्या भाषा पक्क्या पाहिजेत बस. आणि अमेरिकेचीच डिग्री पाहिजे असेल तर जॉर्जिया टेकचं अ‍ॅनालिटिक्सचं मास्टर्स ऑनलाइन होतं, सुरू झालं तेव्हा फी 10,000 डॉलरच्या आत होती, नोकरी करता करता होईल.

तरी जायचंच असेल तर जा, मी आडवा येणार नाही. फक्त त्या कॉलेजातून पास झालेल्या आपल्याकडच्या दोन-चार पोरांना फोन लाव, किती महिन्यांनी नोकरी लागली आणि भाडं, टॅक्स जाऊन हातात काय उरतं ते विचार, लाजू नको. ते आणि तो कोड मला पाठव, मग बसून हिशोब करू. तोवर अप्पांना बँकेत नेऊ नको.