तिसरीतल्या पोराला काय वाचायला द्यावं?

थेट जाडजूड चरित्र देऊ नका, ते कपाटातच राहील. आधी हलकीफुलकी रहस्यकथा द्या. चोर कोण हे कळेपर्यंत पोरगं जेवायलाही उठत नाही, आणि धागा निसटला की आपणहून चार पानं मागं जाऊन वाचतं. ही मागं जायची सवय फार मोलाची, बघा.

चरित्र मग आपल्या कोल्हापूरचंच घ्या, शाहू महाराजांचं. पण नुसत्या सनावळीचं नको. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी ठेवल्या, तेव्हा कोण चिडलं आणि का, हे सांगणारं हवं. वाचून झालं की कुस्त्यांचं खासबाग मैदान दाखवून आणा; तेही महाराजांनीच बांधून घेतलेलं.

भुताच्या गोष्टी मागितल्या तर? द्या की!