परत आल्यावर आधी काय करायचं

अगं,

तुझा मोठ्ठा मेसेज दोनदा वाचला. एक्स्चेंजचं वर्ष संपवून परत आलीस, आता बायकांच्या हक्कांवर काम करायचंय, ग्रुप काढायचाय, भाषणं ठेवायचीयेत, आणि सुरुवात कुठून करू असं विचारलंयस. मीही याच वाटेने आले, शाळेत असताना एक वर्ष परक्या घरात परक्या भाषेत राहून, त्यामुळे ही घाई मला चांगली माहितीये, म्हणून जरा लांबलचक लिहितेय. सावकाश वाच.

तू लिहिलंयस की तिकडच्या मुली किती मोकळ्या. असतील गं. पण ज्या घरात राहिलीस तिथे जेवणं झाल्यावर टेबल आवरायला कोण उठायचं, आजारी आजीचं कोण बघायचं, आठव बरं. मला त्या वर्षाने दिलं ते एवढंच की आपल्या घरात "हे असंच असतं" म्हणून जे कधी दिसलंच नव्हतं ते दिसायला लागलं, आणि तिकडच्यांना त्यांचं दिसत नव्हतं हेही दिसलं. ही नजर जप. "तिकडे असं नसतं" हे वाक्य मात्र सोडून दे. मी दोन वर्षं तेच बोलत फिरले, बायका समोर मान डोलवायच्या आणि नंतर बोलायला यायच्या नाहीत, कारण त्यांना वाटायचं ही आपल्याला मागास म्हणतेय. आणि ज्यांना विरोधच करायचाय त्यांच्या हातात तर आयतं कोलीत, की बघा, हे बाहेरून आलेलं खूळ आहे.

हा बाहेरचं-बाहेरचं आरोप तुलाही ऐकावा लागणार, तेव्हा एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ ला मंजूर झाला, त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात "ऑल मेन" असं होतं, आणि त्या जागी "ऑल ह्यूमन बीइंग्ज" यावं म्हणून ज्या अडून बसल्या त्या हंसा मेहता, भारताच्या प्रतिनिधी. "मेन" मध्ये बायका आल्याच की, असं म्हणणारे तेव्हाही होते. हंसाबाईंना ते पटलं नाही, कारण उद्या कोणी त्याचा अर्थ फक्त पुरुष असाच लावला तर? एका शब्दासाठी भांडणं म्हणजे वेळ घालवणं असं कोणी म्हणालं की मला त्या आठवतात.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा वाटेल पण अर्धी ताकद इथेच आहे. संयुक्त राष्ट्रांचा सीडॉ करार वाच, बायकांविरुद्धचे सगळ्या प्रकारचे भेदभाव संपवायचा, १९७९ चा, १९८१ पासून लागू, एकूण ३० कलमं, एका संध्याकाळी वाचून होतो. मग कुठल्या देशांनी कुठल्या कलमाला "हे आम्हाला लागू नाही" अशी अट घातलीये ते शोध. सगळ्यात जास्त आक्षेप दिसतील कलम २ आणि १६ वर, २ म्हणजे भेदभाव संपवायची सरकारची जबाबदारी, आणि १६ म्हणजे लग्न आणि कुटुंब. म्हणजे शाळेत, ऑफिसात समानता चालते, घराच्या उंबऱ्याशी आली की सरकारं अडखळतात. तुला काम कुठे करायचंय ते इथेच कळतं बघ.

करारात आलेल्या देशाला साधारण दर ४ वर्षांनी रिपोर्ट द्यावा लागतो आणि २३ तज्ज्ञांची समिती त्यावर प्रश्न विचारते. सरकार अर्थातच चांगलं-चांगलं लिहितं. म्हणून संस्था आपला वेगळा रिपोर्ट पाठवतात, त्याला शॅडो रिपोर्ट म्हणतात, आणि त्यात तुझ्यासारखीने नीट गोळा केलेली माहिती खरंच वापरली जाते. ज्या देशांनी याचा जोड-करार मान्य केलाय तिथली बाई स्वतःसुद्धा या समितीकडे तक्रार करू शकते, पण आधी आपल्या देशातले कायद्याचे मार्ग करून बघावे लागतात. हंगेरीतल्या एका बाईची केस वाच, निकाल २००५ चा. जोडीदार मारायचा, मूल अपंग, आणि त्या मुलासकट तिला ठेवून घेईल असं एकही शेल्टर नव्हतं, जोडीदाराला घरापासून लांब ठेवायचा आदेश मिळायची सोयसुद्धा कायद्यात नव्हती. समितीने सरकारलाच जबाबदार धरलं. घरातलं भांडण म्हणून हात झटकता येत नाहीत, हे तिच्या केसमधून स्पष्ट झालं.

आता जे सांगायला मला जड जातं ते. सुरुवातीच्या काळात एका कार्यक्रमात एका बाईने तिच्या घरातली गोष्ट सांगितली, रडली, आम्ही सगळ्या रडलो, आणि मी ती नंतर लिहिली, नाव न घालता. पण दोन मुली, नवऱ्याचं काम, कुठे राहते, हे सगळं त्यात होतं. ओळखणाऱ्यांनी ओळखलं. तिला त्याचं काय भोगावं लागलं ते लिहीत नाही, ते तिचं आहे. तिने मला लिहायला हो म्हटलं होतं, पण मी विचारलं होतं सगळ्यांसमोर, ती रडत असताना, आणि त्या क्षणी कोण नाही म्हणेल? तेव्हापासून मी लगेच कधीच विचारत नाही. काही दिवस जाऊ देते, एकटीला विचारते, लिहिलेलं तिला वाचून दाखवते, आणि शेवटच्या मिनिटाला नको म्हणाली तर नको.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात साधारण ३ पैकी १ बाई आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराची मारहाण किंवा लैंगिक हिंसा, नाहीतर इतर कोणाची तरी लैंगिक हिंसा सोसते. म्हणजे तू ३० जणींसमोर बोलशील तेव्हा ही गोष्ट समोर बसलेलीच आहे असं धरून चाल, आणि कार्यक्रमानंतर कोणीतरी कोपऱ्यात थांबणार. त्याची तयारी भाषणाच्या आधी हवी. शेल्टर कुठे, फुकट वकील कोण देतं, समुपदेशक कोण, फोन खरंच उचलतात का, स्वतः लावून बघ. तिला पहिलं विचार की आत्ता घरी जाणं सेफ आहे का, आणि मेसेज केला तर चालेल का, कारण फोन दुसरंच कोणी बघत असतं. "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस, विशेषतः समोर अठराच्या आतली मुलगी असेल तर, कारण बऱ्याच ठिकाणी कायद्यानेच कळवावं लागतं. आणि जोडीदाराला सोड असं सांगू नकोस गं. सोडून निघायची वेळ बऱ्याचदा सगळ्यात धोक्याची असते, कधी आणि कसं निघायचं ते तिला ठरवू दे, तू सोबत रहा.

तर ग्रुप, नाव, लोगो हे सगळं थांबू दे. आधी तीन-चार महिने तुझ्या भागात आधीपासून काम करणाऱ्या बायकांकडे जा, त्या म्हणतील ते कर, फाइली लावायला सांगितल्या तर फाइली लाव, कोर्टात सोबत बसायला सांगितलं तर दिवसभर बस. रोज तारीख घालून दोन ओळी लिहीत जा, काय झालं, कोण काय म्हणालं, कुठला अर्ज कुठे अडकला. नावांऐवजी अक्षरं वापर आणि ती वही घरात उघडी ठेवू नकोस. तुझी तिकडची भाषाही इथे कामाला येईल, कारण समितीचे ते सगळे कागद कोणीतरी सोप्या मराठीत करून द्यायला हवेत, आणि ते तू करू शकतेस.

पहिला महिना झाला की लिही मला. झोप लागत नसेल तर त्याआधीच फोन कर, रात्री उशिरा झाला तरी चालेल.

तुझी ताई