वाचक विचारतात : नौदल मोजायचं कसं?

(या वेळी निवडलेले सगळे प्रश्न नौदलांच्या तुलनेचे आहेत. उत्तरं देणारे आमचे स्तंभलेखक मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डातून फोरमन म्हणून निवृत्त झाले असून ठाण्यात राहतात.)

प्रश्न : ऑफिसच्या बसमध्ये आमचा रोज वाद होतो. चीनकडे 370 हून जास्त युद्धनौका, अमेरिकेकडे 300 च्या आत, आपल्याकडे 140 च्या आसपास. मग जगात चीन पहिला, हे मान्य करायला काय हरकत आहे? – आयटी कर्मचारी, ऐरोली

उत्तर : तुमचे आकडे बरोबर आहेत. 370 चा आकडा तर खुद्द अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या अहवालातला आहे, आणि 2030 पर्यंत तो 435 वर जाईल असा अंदाजही तिथेच दिला आहे. नग मोजायचे तर चीन पहिला, वाद संपला. पण नग मोजून नौदलाची ताकद कळत नाही, आणि वर्तमानपत्रांतले तक्ते नेमके तिथेच थांबतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या 370 मध्ये काय काय आहे ते बघा. जेमतेम दीड हजार टनांच्या कॉर्व्हेटच, म्हणजे छोट्या युद्धनौकाच, पन्नासच्या आसपास आहेत. त्यांचं काम किनाऱ्याजवळचं. पाणबुड्यांतल्या बहुतेक डिझेल-इलेक्ट्रिक. अमेरिकेच्या यादीत मात्र 11 विमानवाहू नौका आहेत, प्रत्येकी सुमारे एक लाख टनांच्या आणि सगळ्या अणुशक्तीवर चालणाऱ्या. त्यांची एकूण एक पाणबुडीही अणुशक्तीवरची. चीनकडे विमानवाहू नौका तीन. तिसरी ‘फुजियान’ नोव्हेंबर 2025 मध्ये सेवेत आली, आणि आधीच्या दोघींपेक्षा ती फार पुढची आहे, कारण तिच्यावर विमान फेकायला विद्युतचुंबकीय कॅटापल्ट आहे. यादीत कॉर्व्हेटही एक नग आणि लाख टनांचं जहाजही एक नग. एकूण वजन धरलं तर अमेरिका आजही बरीच पुढे आहे.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. कुठल्याही नौदलाची सगळी जहाजं एका दिवशी समुद्रात नसतात. ढोबळ हिशेब असा, की एक तृतीयांश समुद्रात, एक तृतीयांश सराव आणि तयारीत, एक तृतीयांश दुरुस्तीला. बसडेपोत शंभर गाड्या असल्या तरी रस्त्यावर किती धावतात त्यावर आपला थांब्यावरचा वेळ ठरतो, तसंच हे.

जहाज ड्राय डॉकमध्ये घेतलं, दरवाजा लावला आणि पंप सुरू केले की पाणी हळूहळू उतरतं आणि जहाज खालच्या ठोकळ्यांवर बसतं. मग खरं काय आहे ते दिसतं. आपल्या बंदराच्या कोमट पाण्यात उभ्या राहिलेल्या जहाजाच्या तळाला शिंपल्यांचा असा थर चढतो की पत्रा दिसत नाही. तो वास अंगातून दोन आंघोळींनी जात नाही. एवढ्या थरानेही वेग कमी होतो आणि इंधन जास्त जळतं. थर खरवडून, ब्लास्टिंग करून पत्र्याची जाडी मोजायला घेतली की कुठेतरी पातळ झालेला भाग सापडतो. तो कापून नवा जोडायचा, तर आतली पाइपलाइन आधी काढावी लागते, आणि पाइपलाइन काढली की तिचे व्हॉल्व्ह गेलेले दिसतात. असं काम वाढत जातं. यात कोणाचा हलगर्जीपणा नसतो, खाऱ्या पाण्यात लोखंड ठेवलं की हे होणारच. म्हणून कोणी एखाद्या नौदलाचा आकडा सांगितला की माझा पहिला प्रश्न असतो, ड्राय डॉक किती आहेत? विमानवाहू नौका मावेल एवढा डॉक आपल्या मुंबईच्या डॉकयार्डात 2019 साली सुरू झाला. त्या दिवशी एखादं नवं जहाज मिळावं इतका आनंद मला झाला होता.

रशियाची ‘अ‍ॅडमिरल कुझनेत्सॉव्ह’ ही एकुलती एक विमानवाहू नौका 2017 पासून दुरुस्तीतून बाहेर पडलेली नाही. तरीही वर्षानुवर्षं प्रत्येक तक्त्यात रशियाच्या नावापुढे ‘विमानवाहू नौका : 1’ छापलं जात होतं.

आणि जागा. अमेरिकेचं नौदल दोन महासागरांत वाटलेलं आहे. चीनचं बहुतेक सगळं घराजवळ आहे. त्यामुळे तैवानच्या आसपास काय होईल हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगणार नाही. अटलांटिकमध्ये मात्र चीन आज कुठेच नाही. हिंदी महासागरात यायचं तर त्याला मलाक्कासारख्या चिंचोळ्या वाटांनी यावं लागतं, आणि इकडचा त्याचा लष्करी तळ म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं, 2017 पासूनचं जिबूती. घरापासून लांब गेलेल्या ताफ्याचं काय होतं ते 1905 साली त्सुशिमाला दिसलं. रशियाचा बाल्टिक ताफा अर्ध्या जगाला वळसा घालून जपानपर्यंत पोहोचला आणि दोन दिवसांत संपला.

मित्रांना एक गोष्ट मात्र सांगा. चीनबद्दल काळजी वाटायची असेल तर 370 च्या आकड्याने नको, गोद्यांमुळे वाटू द्या. जगात बांधल्या जाणाऱ्या व्यापारी जहाजांपैकी वजनाने जवळपास निम्मी एकट्या चीनमध्ये बांधली जातात. लढाई लांबली तर बुडालेल्या जहाजाच्या जागी दुसरं कोण लवकर आणतो हे तिथे ठरेल. आज मी अमेरिकेला वर ठेवतो. पंधरा वर्षांनी ठेवीन का, तर त्यांच्या गोद्या बघून खात्री वाटत नाही.

प्रश्न : ‘विक्रांत’ 45 हजार टनांची म्हणतात. न्हावा-शेवाला येणारी कंटेनर जहाजं दीड-दोन लाख टनांची. म्हणजे मालवाहू जहाज युद्धनौकेच्या चौपट वजनाचं? – निवृत्त बँक अधिकारी, कोपरी, ठाणे

उत्तर : हे दोन वेगळे टन आहेत. युद्धनौकेचा टन म्हणजे तिने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच तिचं स्वतःचं वजन. मालवाहू जहाजाचा जो आकडा आपण वाचतो तो बहुधा एक तर ग्रॉस टनेज असतो, जे वजन नसून आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे, नाहीतर डेडवेट, म्हणजे माल, इंधन, पाणी, माणसं धरून ते किती भार वाहू शकतं. हे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची नाही.

युद्धनौकांमध्येसुद्धा बारीक बघावं लागतं. रिकामी, की इंधन-दारूगोळा भरून? पूर्वी यावरून देशादेशांत करार होत. 1922 च्या वॉशिंग्टन करारात बड्या युद्धनौकांसाठी ब्रिटन आणि अमेरिकेला प्रत्येकी 5 लाख 25 हजार टन, जपानला 3 लाख 15 हजार, फ्रान्स आणि इटलीला 1 लाख 75 हजार अशी वाटणी झाली. टन म्हणजे कोणता टन, हे त्या करारात आधी लिहून घ्यावं लागलं होतं. त्या वेळच्या मुत्सद्द्यांना नग मोजण्यातला फोलपणा कळलेला होता.

प्रश्न : काका, आपली आयएनएस विशाखापट्टणम आणि चीनची टाइप 055 यांची लढाई झाली तर कोण जिंकेल? – इयत्ता आठवी, नेरूळ

उत्तर : बाळा, दोन्ही विनाशिका आहेत, म्हणजे मोठ्या लढाऊ नौका. आधी आकडे घे. टाइप 055 ची लांबी सुमारे 180 मीटर, वजन बारा हजार टनांच्या वर, क्षेपणास्त्रांसाठी उभे कप्पे 112. आपली ‘विशाखापट्टणम’ 163 मीटर, 7,400 टन. तिच्यावर 32 बराक-8, म्हणजे अंगावर येणारं विमान किंवा क्षेपणास्त्र पाडायला, आणि 16 ब्रह्मोस, म्हणजे समोरचं जहाज बुडवायला. ब्रह्मोस आवाजाच्या जवळपास तिप्पट वेगाने जातं. समोरच्याला विचार करायला फार थोडे क्षण मिळतात.

कागदावर टाइप 055 भारी आहे, हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. पण दोन जहाजं मैदानात कुस्तीला उतरावीत तशी समोरासमोर येत नाहीत. पृथ्वी गोल असल्यामुळे जहाजावरच्या रडारला क्षितिजाखालचं दुसरं जहाज दिसतच नाही. ते शोधून द्यायला वर विमान किंवा हेलिकॉप्टर लागतं, नाहीतर उपग्रह. ज्याला समोरचा आधी सापडला त्याचं पारडं जड. आपल्या किनाऱ्याजवळ आपली पी-8आय ही टेहळणी विमानं दिवसरात्र उडू शकतात. शिवाय उभे कप्पे एकदा रिकामे झाले की भर समुद्रात ते पुन्हा भरणं फार अवघड, साधारणपणे बंदरात क्रेनखालीच परतावं लागतं. आता तू नकाशा घे आणि मुंबई ते केरळच्या खालचा समुद्र आणि तिथून चीनच्या हैनान बेटावरचं बंदर, ही अंतरं पट्टीने मोजून मला कळव.

प्रश्न : पाकिस्तानकडे एकही विमानवाहू नौका नाही. आपण कितीतरी मोठे. मग त्यांनी चीनकडून आठ पाणबुड्या घेतल्या तर एवढी चर्चा कशाला? – दुकानदार, वाशी

उत्तर : त्या पाणबुड्यांच्या वर्गाचं नाव ‘हंगोर’ आहे. ते नाव कुठून आलं ते ऐका, म्हणजे चर्चा कशाला ते कळेल.

9 डिसेंबर 1971 ची रात्र. दीवच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर आपल्या ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या दोन फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात होत्या. त्या पाणबुडीचं, म्हणजे ‘हंगोर’चं, पहिलं टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून जाणारं अस्त्र, ‘किरपाण’ला लागलं नाही. पुढचं ‘खुकरी’ला लागलं आणि काही मिनिटांत ती बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. त्या दिवशीही आपलं नौदल पाकिस्तानपेक्षा मोठंच होतं, आपल्याकडे विमानवाहू ‘विक्रांत’ (आजची नव्हे, तिच्याआधीची) होती. मी डॉकयार्डात लागलो तेव्हा ती रात्र आठवणारे वरिष्ठ होते. ‘खुकरी’चं नाव निघालं की ते हातातलं काम थांबवत. दीवला तिचं स्मारक आहे. सहलीला जाणाऱ्यांनी समुद्रकिनाऱ्याआधी तिथे जावं, असं मी कळकळीने सांगतो.

याच युद्धात उलटंही झालं. 4 डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराची गाठली. दोनशे टनांच्या आसपासच्या बोटी, लांबचा पल्ला झेपणार नाही म्हणून वाटेत काही अंतर ओढून न्याव्या लागलेल्या. ‘निर्घात’ने स्वतःच्या दहापटीहून मोठी ‘खैबर’ ही विनाशिका बुडवली. नौदल दिन आपण 4 डिसेंबरला पाळतो तो त्यामुळेच. अगदी अलीकडचं बघायचं तर एप्रिल 2022 मध्ये युक्रेनने किनाऱ्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्रांनी रशियाच्या काळ्या समुद्रातल्या ताफ्याची मुख्य नौका ‘मॉस्कव्हा’ बुडवली. युक्रेनकडे तेव्हा म्हणावं असं नौदल उरलंच नव्हतं.

आता नव्या ‘हंगोर’बद्दल. साध्या डिझेल पाणबुडीला बॅटरी चार्ज करायला दर थोड्या दिवसांनी पृष्ठभागाजवळ येऊन हवा घ्यावी लागते, आणि सापडते ती तेव्हा. या पाणबुड्यांमध्ये हवेशिवाय चालणारी यंत्रणा आहे, त्यामुळे त्या बरेच दिवस खाली राहू शकतात. अरबी समुद्रात वरचं पाणी गरम आणि खालचं थंड असे थर असतात. पाण्यात आवाजाने पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्राचा आवाज त्या थरांत वाकतो, पाणबुडी अगदी जवळ असूनही ऐकू येत नाही. आपल्या देशाचा वजनाने सुमारे 95 टक्के विदेश व्यापार समुद्रमार्गे होतो आणि त्यातल्या कंटेनरच्या मालाचा मोठा हिस्सा तुमच्या घरापासून तासाभरावरच्या न्हावा-शेवातून. एक पाणबुडी बाहेर आहे एवढ्या संशयानेसुद्धा जहाजांचा विमा महागतो. म्हणून चर्चा हवीच. आपल्या ‘कलवरी’ वर्गाच्या सहा पाणबुड्या माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या, सहावी ‘वाघशीर’ जानेवारी 2025 मध्ये दाखल झाली. डीआरडीओने बनवलेली हवेशिवाय चालणारी यंत्रणा त्यांच्यात बसवायचं ठरलं आहे. हे काम लवकर व्हायला हवं. नव्या मोठ्या जहाजापेक्षाही आधी, असं माझं मत आहे.

प्रश्न : शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात आपल्या कल्याण-भिवंडीत केली. मराठ्यांचं आरमार इंग्रजांपेक्षा कधी मोठं होतं का? – शिक्षिका, ठाणे (पश्चिम)

उत्तर : इंग्लंडच्या राजाच्या आरमारापेक्षा कधीच नव्हतं. पण त्यांचं सगळं आरमार कोकण किनाऱ्यावर नव्हतं, आणि तुलना इथल्या पाण्यातली करायची. आपल्या गलबतांना वल्ही होती, वारा पडला तरी ती हलत. मोठं विलायती जहाज तेव्हा जागच्या जागी खिळून राही. गुराबांचा, म्हणजे गलबतांपेक्षा मोठ्या लढाऊ जहाजांचा, आणि गलबतांचा तळ उथळ, खाडीत शिरून किल्ल्याच्या तोफांखाली उभं राहता येई. 1721 साली मुंबईकर इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर, म्हणजे अलिबागवर, चालून गेले आणि हात हलवत परतले. कान्होजी आंग्र्यांच्या मदतीला तेव्हा बाजीराव पेशवे घोडदळ घेऊन आले होते, हे मुलांना जरूर सांगा.

आणि पुढचंही सांगा, कारण ते बहुतेकदा गाळलं जातं. 1756 च्या फेब्रुवारीत विजयदुर्गावर कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याचा ताफा जळाला. समुद्रातून वॉटसनचा इंग्रजी ताफा होता, आणि जमिनीवरून त्याच्या जोडीला पेशव्यांची फौज होती. ताफा एकमेकांना बांधून नदीत उभा होता. एका जहाजाला लागलेली आग सगळ्यांत पसरली. आंग्रे आणि पेशवे यांचं भांडण खरं होतं, तुळाजीही सरळ नव्हता. तरी ते आरमार आपलं होतं, आणि ते संपवायला आपणच मदत केली, याचा मला आजही संताप येतो.

त्या दिवशी मराठी आरमार संपलं असंही मात्र शिकवू नका. पेशव्यांचं आरमार धुळपांच्या हाताखाली विजयदुर्गालाच राहिलं, आणि 1783 च्या एप्रिलमध्ये आनंदराव धुळपांनी ईस्ट इंडिया कंपनीचं ‘रेंजर’ हे जहाज लढून पकडलं.