घाटात न्यूट्रल नको

नाशिकहून मुंबईला जाताना मायलेज हवं असेल तर वेग ८० ते ९०च्या दरम्यान धरून ठेव. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून शंभरच्या पुढे छोटी गाडी पेट्रोल पिऊ लागते.

इगतपुरीनंतर कसारा घाट उतरताना मात्र गाडी न्यूट्रल करू नकोस, म्हणजे गिअर काढून सोडू नकोस, त्याने पेट्रोल वाचतं असं कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. गिअरमध्येच राहून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढलास की आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या (इंधन इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजून सोडणाऱ्या) गाड्यांत इंधनपुरवठा बंद होतो. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, शिवाय सगळा भार ब्रेकवर. ते तापले तर जिवाशी गाठ आहे रे.

प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असतानाच त्यांची हवा तपास. टपावरचा रिकामा कॅरिअर उतरवून ठेव. एसी खुशाल लाव. ८०-९०च्या वेगाला उघड्या काचाही गाडी मागे ओढतात.