एटना आणि ताओर्मिना : पहिल्या खेपेसाठी

खासगी गाडी करून एका दिवसात सिसिलीतला एटना ज्वालामुखी आणि ताओर्मिना हे जुने डोंगरी शहर पाहण्याचा तुमचा बेत उत्तम आहे. फक्त क्रम उलटा करू नका. दुपारी शिखरावर बहुधा ढग जमतात, म्हणून किनाऱ्यावरच्या कातानिया शहरातून सकाळी लवकर निघून आधी ज्वालामुखी गाठावा.

नवखे प्रवासी हमखास दोन चुका करतात. पहिली कपड्यांची : किनाऱ्यावर उकाडा असला तरी सुमारे १,९०० मीटरवरील रिफूजिओ सापिएन्झा या एटनाच्या उतारावरील तळापाशी वारा अंगात शिरतो, आणि तिथल्या सिल्व्हेस्त्री या ज्वालामुखी विवरांच्या काठावरची काळी, खरखरीत रेती सँडलमध्ये अशी घुसते की दर दहा पावलांनी थांबून ती झटकावी लागते, तेव्हा जाकीट व बंद बूट हवेतच. दुसरी, गाडीच्या भाड्यात सगळे आले असे गृहीत धरण्याची : सुमारे २,५०० मीटरपर्यंत नेणाऱ्या रोपवेचे तिकीट त्यात आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. शिखराचा हट्ट मात्र यावेळी नको.

ताओर्मिनाच्या जुन्या भागात वाहनांवर निर्बंध असल्याने गाडी वाहनतळावर सोडावी लागते. वेळ कमी पडल्यास कोर्सो उम्बेर्तो या मुख्य रस्त्यावरची दुकाने खुशाल गाळा, पण प्राचीन नाट्यगृह चुकवू नका. ढग नसतील, तर तिथल्या वरच्या पायऱ्यांवरून सकाळी तुडवलेला एटना समोरच दिसतो.